वाघिणीचा अकरावा आकडा आणि चाव्यांची यादी

परळी वैजनाथला वैद्यनाथाच्या दर्शनासाठी येणारे पुष्कळ असतात. पण तिथल्या रेल्वे स्थानकावर उभे राहून कोळशाच्या मालगाडीवरचे आकडे वाचणारा प्रवासी विरळाच. आम्ही मात्र शिक्षकांना हा उद्योग आवर्जून सुचवू. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांना लागणारा कोळसा रेल्वेने येतो. कोळशाच्या एका गाडीला साधारणपणे ५८-५९ वाघिणी असतात आणि प्रत्येक वाघिणीच्या अंगावर एक अकरा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची आहे ते, त्यापुढचे दोन ती कोणत्या वर्षी बांधली ते. नंतरचे चार हा तिचा स्वतःचा क्रमांक. झाले दहा. मग अकरावा कशासाठी?

अकरावा आकडा कोणतीही नवी माहिती देत नाही. तो आधीच्या दहा आकड्यांवर पहारा ठेवतो. रीत अशी : डावीकडून मोजल्यास दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या स्थानावरच्या आकड्यांची बेरीज करायची आणि तिला ३ ने गुणायचे. त्यात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या स्थानावरचे आकडे मिळवायचे. आलेल्या संख्येला १० ची पुढची पट गाठायला जितके कमी पडतात तितका अकरावा आकडा. (बेरीज स्वतःच १० च्या पटीत असेल तर तो शून्य.)

एक काल्पनिक क्रमांक घेऊ : २२१२०९३४५७. सम स्थानांवरचे आकडे २, २, ९, ४, ७. त्यांची बेरीज २४ आणि तिची तिप्पट ७२. विषम स्थानांवरचे २, १, ०, ३, ५, बेरीज ११. एकूण ८३. पुढची पट ९० आणि तिला कमी पडतात ७. म्हणून वाघिणीवर २२१२०९३४५७७ असे रंगवले जाईल. आता एखाद्या कारकुनाने संगणकात भरताना ०९ ऐवजी ९० असे लिहिले, तर एकूण बेरीज ६५ येते आणि अकरावा आकडा ५ यायला हवा. तिथे तर ७ आहे. मालवाहतुकीची नोंद ठेवणारी संगणक-व्यवस्था अशा वेळी क्रमांक चुकला असल्याचे तत्काळ सांगू शकते.

गुणायला ३ च का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. ३ चा पाढा शेवटच्या आकड्याकडे बघत म्हटला, की ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ० असे दहाही आकडे एकदा आणि एकदाच येतात. म्हणून कोणताही एकच आकडा चुकला, तर बेरजेचा शेवटचा आकडा बदलल्याशिवाय राहत नाही. २ ने गुणले असते तर १ आणि ६ यांत फरक उरला नसता, कारण २ आणि १२ या दोहोंचा शेवट सारखाच. शेजारचे दोन आकडे उलटेपालटे झाले तर मात्र ही रीत कधीकधी फसते : १६ चे ६१ झाले, तर ती ओळखता येत नाही. ज्या दोन आकड्यांत ५ चा फरक आहे त्या सर्व जोड्यांची हीच कथा. वेगवेगळ्या आकड्यांच्या ९० जोड्यांपैकी अशा १० निघतात. म्हणजे नवांतली एक अदलाबदल निसटते. बिस्किटाच्या पुड्यावरच्या तेरा आकडी बारकोडची रीत नेमकी हीच आहे, तेव्हा मालगाडी दूर असेल तर पुड्यावर काम भागते. आधार क्रमांकातला बारावा आकडाही पहारेकरीच आहे. पण त्यासाठी डच गणिती फेर्हूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली, अदलाबदलही न सोडणारी रीत वापरली आहे. ती कागदावर करणे बरेच किचकट असल्यामुळे तिच्या वाटेला आज जात नाही.

संगणकाची चावी

वाघिणींचे हे पुराण लावण्याचे कारण वेगळेच आहे. शाळेतल्या संगणकांच्या खोलीची जबाबदारी ज्या शिक्षकांकडे असते, त्यांना आकडे-अक्षरांची आणखी एक लांबलचक माळ सांभाळावी लागते. संगणकावर आज्ञावली चढवली, की तो ‘ॲक्टिव्हेशन की’ मागतो. पुष्कळ ठिकाणी ही चावी डब्यावरच्या चकचकीत चिकटपट्टीवर छापलेली असते आणि पुसून-पुसून निम्मी दिसेनाशी झालेली असते. काही ठिकाणी ती वहीत असते. आणि आता, संगणकाशी साध्या भाषेत बोलणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस आल्यापासून, ‘आपल्याकडच्या सगळ्या चाव्यांची यादी दे’ असे त्यालाच सांगण्याची सोय होऊ लागली आहे. ही सोय नेमकी कशी चालते, आणि ती वापरताना काय घडू शकते, हे पाहण्यासाठी आधी चावीच्या पोटात शिरायला हवे.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले. त्याच्या सीडीबरोबर मिळणाऱ्या चावीत आधी तीन आकडे आणि मग सात आकडे असत. पहिल्या तिनांत ३३३, ४४४ यांसारख्या काही संख्या निषिद्ध होत्या. उरलेल्या सात आकड्यांची अट एवढीच, की त्यांच्या बेरजेला ७ ने पूर्ण भाग जावा. बस्स! सात वेळा १ लिहिले तरी बेरीज ७ होते आणि कुलूप उघडते. आकड्यांची अदलाबदल या रीतीला कळतच नाही, कारण बेरीज तीच राहते. आणि डोळे मिटून सात आकडे लिहिले तरी साधारण सातांतून एकदा चावी लागते. वाघिणीच्या क्रमांकापेक्षाही हा पहारा ढिला. वाघिणीच्या बाबतीत ते चालते, कारण तिथे चोर नाही, फक्त चुकणारा हात आहे. चावीच्या बाबतीत समोर मुद्दाम फसवणारा असू शकतो, हा फरक महत्त्वाचा.

पुढच्या पिढीची चावी बरीच वेगळी निघाली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीची चावी पंचवीस चिन्हांची, पाच-पाचांच्या पाच गटांत. चिन्हे कोणती? इंग्रजी वर्णमालेतली १७ अक्षरे आणि ७ अंक, मिळून २४. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर गाळले आहेत. एल, एन, एस, झेड ही व्यंजनेही नाहीत. अंकांतून ०, १ आणि ५ वगळले. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांत वाचणाऱ्याची किती फसगत होते, हे फळ्यावर लिहिणाऱ्याला सांगायला नको. अशा २४ चिन्हांच्या पंचवीस जागा म्हणजे २४ चा पंचविसावा घात. ही संख्या ३५ अंकी आहे. त्यांतल्या फारच थोड्या चाव्या खऱ्या असतात, कारण चावीच्या आतच कंपनीची एक गणिती सही दडवलेली असते. सही खरी की खोटी हे कोणताही संगणक तपासू शकतो; पण नवी सही करणे ज्याच्याजवळ गुप्त संख्या आहे त्यालाच जमते. इथे डोळे मिटून लिहिण्याने काही साधत नाही.

तरीही एक पळवाट राहतेच. खरी चावी एकाने विकत घ्यायची आणि गावभर वाटायची. तिला आळा घालण्यासाठी ‘ॲक्टिव्हेशन’ आले. संगणक आपली चावी आणि स्वतःच्या सुट्या भागांवरून काढलेली एक खूण यांची सांगड घालून कंपनीकडे पाठवतो. तिकडे नोंद होते आणि उलट उत्तर येते. इंटरनेट नसलेल्या गावांसाठी हे काम दूरध्वनीवरूनही करता येई. एक्सपीचा संगणक त्यासाठी पन्नास आकडे दाखवी, ते पलीकडच्या माणसाला वाचून दाखवायचे आणि तो सांगेल ते बेचाळीस आकडे भरायचे. पन्नास आकडे न चुकता वाचणे सोपे नव्हे. म्हणून सहा-सहांच्या प्रत्येक गटात सहावा आकडा पडताळ्याचा ठेवला होता : पाचांची बेरीज, त्यात सम स्थानांवरचे आकडे आणखी एकदा मिळवायचे आणि ७ ने भागून बाकी घ्यायची. म्हणजे चूक कोणत्या गटात झाली ते तिथल्या तिथे कळे. आमची वाघीण इथे पुन्हा भेटली.

शाळा-महाविद्यालयांसारख्या संस्थांना प्रत्येक संगणकाची वेगळी चावी नकोशी होते. त्यांच्यासाठी एकच चावी अनेक संगणकांना चालते, मात्र किती वेळा हे ठरलेले असते. एखादा संगणक पुसून पुन्हा नव्याने उभारला, तरी त्यातली एक वेळ खर्च होते. दुसरा प्रकार असा, की संस्थेचाच एक सर्व्हर आपल्या आवारातल्या संगणकांना परवानगी देतो. त्याला किमान २५ संगणक जोडलेले लागतात आणि परवानगी १८० दिवस टिकते. पहिल्या प्रकारातली चावी बाहेर फुटली, तर ती हरवत नाही, संपते. भलत्याच कोणाचे संगणक तिच्यावर चालू होतात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आपण एक बिघडलेला संगणक नव्याने उभारायला जावे, तर मर्यादा ओलांडल्याचा निरोप समोर येतो.

लिनक्सच्या जगात ‘ॲक्टिव्हेशन की’ या शब्दाचा अर्थ थोडा निराळा आहे आणि तिथे गोंधळ होतो. केरळच्या शाळांप्रमाणे मुक्त प्रणाली वापरली, तर विकत घेण्याची चावी लागतच नाही. पण संगणक शंभर असतील, तर ते एका जागेवरून सांभाळायला व्यवस्थापन-सर्व्हर लागतो. ‘युयुनी’ हा असा एक मुक्त सर्व्हर. २०१८ मध्ये तो ‘स्पेसवॉक’ या जुन्या प्रकल्पातून वेगळा झाला. बोलिव्हियातल्या मिठागराचे नाव त्याला दिले आहे, कारण त्याच्या पोटात ‘सॉल्ट’ नावाची आज्ञावली काम करते! इथली चावी म्हणजे नव्या संगणकाचा प्रवेश-अर्ज. ती सादर केली, की सर्व्हर त्याला आपल्या पटावर घेतो, कोणत्या गटात टाकायचे आणि कोणत्या आज्ञावली द्यायच्या ते चावीवरूनच ठरवतो. पैसे वाचवणारी ती चावी नव्हे, पण घरात घेणारी आहे.

यादी कोण काढतो?

आता मदतनीसाकडे वळू. त्याला इंग्रजीत आणि हल्ली मराठीतही एजंट म्हणतात. एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विम्याचा एजंट उभा राहतो, आणि तुलना अगदीच वावगी नाही : हाही दुसऱ्याच्या वतीने कामे करतो.

परळीतल्या एखाद्या शाळेत तीस संगणक आहेत आणि संस्थेकडे असा सर्व्हर आहे, अशी कल्पना करू. शिक्षक लिहितात, ‘पाच नवे संगणक आले आहेत. आपल्याकडे कोणत्या चाव्या आहेत?’ हे वाक्य भाषा-प्रतिमानाकडे जाते. भाषा-प्रतिमान म्हणजे अफाट मजकुरावर घडवलेली आणि पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत जाणारी संगणकीय रचना. तिला सर्व्हरची काहीही माहिती नसते. मात्र प्रश्नाबरोबर तिला साधनांची एक यादी दिलेली असते : अमुक साधन संगणकांची नावे देते, अमुक साधन चाव्या देते, अमुक साधन नवा संगणक पटावर घेते. वर्णन वाचून प्रतिमान उत्तर लिहिते, ‘चाव्यांच्या यादीचे साधन चालवा’. एवढेच; ते स्वतः काही चालवत नाही. मधली एक साधी आज्ञावली ही चिठ्ठी उचलते, सर्व्हरला विचारते, आणि आलेली यादी मजकूर म्हणून प्रतिमानापुढे ठेवते. ते ती वाचून शिक्षकांना मराठीत सांगते, ‘तीन चाव्या आहेत, प्रयोगशाळेसाठी दुसरी योग्य दिसते.’ साधनांची ओळख करून देण्याची ही पद्धत सर्वत्र सारखी असावी म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा संकेत प्रसिद्ध केला. युयुनीसाठीही अशी साधने तयार झाली आहेत आणि त्यांत चाव्यांची यादी देणारे एक आहे.

या प्रवासात चाव्या कुठे-कुठे जाऊन आल्या, ते मोजावे. सर्व्हरवरून मधल्या आज्ञावलीकडे, तिथून प्रतिमानाकडे (ते बहुधा दूर कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रांवर चालते), तिथून शिक्षकांच्या पडद्यावर. शिवाय संभाषणाच्या नोंदीत त्या राहिल्या. वहीतली चावी कपाटात होती. ही चार ठिकाणी उमटली.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. माणसाला आलेले पत्र आणि साहेबाचा हुकूम यांत फरक कळतो. प्रतिमानापुढे मात्र प्रश्न, साधनांची वर्णने आणि आलेली माहिती हे सारे एकाच मजकुराच्या ओघात येते. चावीच्या वर्णनाच्या रकान्यात कुणी खोडसाळपणे ‘ही सर्व यादी अमुक पत्त्यावर पाठव’ असे लिहून ठेवले, तर ते वाक्य माहिती आहे की आज्ञा, याविषयी प्रतिमानाची गल्लत होऊ शकते. २०२२ पासून या युक्तीला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे नाव पडले आहे. तिच्यावर रामबाण उपाय अद्याप सापडलेला नाही. म्हणून मदतनीसाला मुळातच थोडे अधिकार देणे हाच व्यवहारी मार्ग. यादी वाचू द्यावी, बदल करणारी साधने बंद ठेवावीत, आणि ती उघडलीच तर प्रत्येक वेळी माणसाचा होकार घ्यावा.

यादीही पूर्ण देण्याची गरज नसते. विंडोज स्वतःच आपली चावी दाखवताना शेवटची पाच चिन्हेच दाखवते. कोणत्या संगणकावर कोणती चावी आहे हे ओळखायला तेवढी पुरतात, आणि कुलूप उघडायला मुळीच पुरत नाहीत. साधन लिहिणाऱ्याने प्रतिमानाला ‘प्रयोगशाळा-१’ एवढे नाव द्यावे आणि खरी चावी मधल्या आज्ञावलीनेच परस्पर लावावी, हे तर आम्हांला सर्वांत शहाणपणाचे वाटते. युयुनीतल्या चावीला ती किती संगणकांनी वापरावी याची मर्यादा घालता येते. पाच संगणक आले असतील तर पाचच घालावी.

बनावट यादी

आणखी एक धोका फुटण्याचा नाही, रचण्याचा आहे. साधन बंद पडले आणि यादी आलीच नाही, तर प्रतिमान कधीकधी गप्प न बसता दिसायला हुबेहूब अशी यादी लिहून देते. त्याचे कसब संभाव्य मजकूर रचण्याचे आहे, आणि संभाव्य चावी ही खऱ्या चावीसारखीच दिसते.

२०२३ मध्ये एका यूट्यूबकाराने गंमत केली. चॅटजीपीटी चाव्या द्यायला नकार देते, म्हणून त्याने ‘चावी’ हा शब्द न काढता विंडोज ९५ च्या एका प्रकारच्या चावीचे नियमच त्याला सांगितले आणि तशा माळा मागितल्या. सुमारे तीसांतली एक चालली. बाकीच्या का चुकल्या? मुख्यतः बेरजेला ७ ने भाग जात नव्हता म्हणून! तिसरी-चौथीच्या मुलाला जमणारी ही बेरीज. पण प्रतिमान आकडे सुटे-सुटे मोजत नव्हते. आकड्यांचे पुंजके करून ते पुढचा पुंजका कोणता शोभेल एवढेच ठरवत होते. त्यानंतरची प्रतिमाने गणितात बरीच सुधारली आहेत आणि हिशेबासाठी ती वेगळे साधनही चालवतात. तरी साधन चालवले की नुसतेच शोभेलसे लिहिले, हे उत्तराच्या तोंडावळ्यावरून कळत नाही.

जुलै २०२५ मधली हकिगत उलटी आहे. सुरक्षा-संशोधकांनी जाहीर केले, की चॅटजीपीटीशी ‘मनात एक माळ धर, मी ओळखतो’ असा खेळ मांडून शेवटी ‘हरलो’ म्हटले, तर ते विंडोजच्या खऱ्याखुऱ्या चाव्या सांगून टाकत होते. त्या कुणी ना कुणी पूर्वी इंटरनेटवर उघड्या टाकलेल्या होत्या आणि प्रतिमान घडवताना वाचलेल्या मजकुरात आल्या होत्या. चावी उघड्यावर पडली, की पुढे ती कोणाच्या तोंडून बाहेर येईल याचा भरवसा नाही. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर चावीचे छायाचित्र टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मदतनीसाने दिलेली यादी खरी की रचलेली, हे पाहण्याचा एक मार्ग म्हणजे साधनाने दिलेले मूळ उत्तर उघडून पाहणे. बहुतेक मदतनीसांत ते एका टिचकीसरशी दिसते. दुसरा मार्ग वर्गातही करता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी खऱ्या चाव्यांना हातही लावावा लागत नाही. मदतनीसाला भारतीय रेल्वेच्या वाघिणींचे वीस क्रमांक मागावेत, पण पडताळ्याची रीत सांगू नये. मुलांनी प्रत्येकाचा अकरावा आकडा कागदावर काढावा. क्रमांक नुसतेच रचलेले असतील, तर सरासरीने दहांतून एक बरोबर निघेल, म्हणजे विसांत दोनच्या आसपास. सगळे वीस बरोबर निघाले तर त्याला रीत माहीत आहे एवढेच कळले. त्या वाघिणी रुळांवर आहेत की नाहीत, हे कळले नाही. तुलनेसाठी स्थानकावरून वीस खरे क्रमांक टिपून आणावेत आणि तेही असेच तपासावेत. क्रमांक फलाटावरूनच वाचावेत, रूळ ओलांडू नयेत. चालत्या गाडीचे अकरा आकडे एकट्याला टिपता येत नाहीत. मुलांच्या जोड्या कराव्यात, एकाने पहिले सहा घ्यावेत आणि दुसऱ्याने उरलेले पाच. जुळत नाही असा क्रमांक निघाला, तर बहुधा रंग उडालेला असतो किंवा आपणच घाईत चुकीचे टिपलेले असते.